जरा बाराशेने बोल

शशिकला नाखवा माझ्याशी पहिलं वाक्य बोलल्या ते होतं, "जरा बाराशेने बोल."

माजिवड्याच्या एका रंगांच्या कारखान्यात मी नोकरीला लागले, तो माझा पहिला दिवस होता. कॉम्प्युटर विभागाचं काचेचं दार ढकलून आत शिरले आणि माझं नाव मेधा, मी डोंबिवलीहून येते, कोर्स कुठून केला, आधी कुठे होते, हे सगळं एका दमात सांगून मोकळी झाले. मला लहानपणापासून तशीच सवय. आमच्या घरी सगळेच बोलणारे, त्यामुळे जो भरभर बोलेल त्याचंच म्हणणं पुरं व्हायचं. खुर्चीतल्या बाई चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिल्या. सावळ्या, उंच, इस्त्रीची सुती साडी आणि अंबाड्यावर अबोलीचा गजरा.

"बाराशेने म्हणजे?" मी विचारलं.

"कळेल. बस आधी. चहा घेतेस ना?"

कळलं त्याच दुपारी. नव्वदीची नुकती सुरुवात होती. अख्ख्या कारखान्यात मिळून एकच मशीन आणि ते आमच्या खोलीत. बाकी स्टोअर, अकाउंट्स, गेट अशा ठिकाणी नुसते पडदे आणि कीबोर्ड. त्यांना आम्ही टर्मिनल म्हणायचो. प्रत्येक टर्मिनलपासून एक लांबलचक तार निघून मशीनच्या पाठीत जायची. त्या दिवशी स्टोअरच्या पडद्यावर अगम्य चिन्हांचा नुसता पाऊस पडत होता. स्टोअरचे तांडेल हात जोडून म्हणाले, "मॅडम, ह्याला बाधा झालीय बहुतेक."

नाखवाबाईंनी दोन-चार बटणं दाबली आणि अक्षरं सरळ झाली. "मशीन बोलतंय शहाण्णवशेच्या वेगाने आणि हा बिचारा ऐकतोय बाराशेने," त्या मला म्हणाल्या. "बाधा कसली? समोरचा ज्या वेगाने ऐकतो त्याच वेगाने बोलायचं. सकाळी तू आलीस ना, तेव्हा माझ्या पडद्यावर असाच कचरा येत होता."

नाकाला मिरच्या झोंबल्याच माझ्या. पण बाई बोलल्या त्यात खोट काढायला जागा नव्हती. पुढे तर ते आमच्या विभागाचं पालुपदच झालं. कुणी तावातावाने भांडायला आला की बाई त्याच्यासमोर चहा ठेवायच्या आणि म्हणायच्या, "आता बाराशेने सांगा." निम्मी भांडणं तिथेच मिटायची.

शिकवण्याची त्यांची रीत अशीच होती. तारेच्या टोकाशी मशीनमध्ये एक छोटा प्रोग्राम बसलेला असतो, त्याचं नाव गेटी. पलीकडे कुणी आलं की तो विचारतो, कोण? नाव आणि पासवर्ड बरोबर असेल तर आत सोडतो आणि आपण बाजूला होतो. माणूस काम आटपून गेला की त्या जागी पुन्हा एक नवीन गेटी येऊन बसतो आणि तोच प्रश्न विचारतो. बाईंच्या तोंडी ही गेटी बाई होती, म्हणून आमच्याही तोंडी गेटीबाईच झाली. "ह्या तारेवर गेटीबाई बसवा" म्हणजे ह्या तारेवरून लॉगिन करता येईल असं करा. त्यासाठी एका फाइलमध्ये एक ओळ लिहायची असते: कुठली तार, कुठला वेग आणि दारात काय विचारायचं. बास, एवढंच. पण ती ओळ चुकली तर माणूस दाराबाहेर.

मशीनच्या अगदी शेजारी एक टर्मिनल होतं, त्याला कन्सोल म्हणायचे. बाकी सगळ्या तारा मुक्या झाल्या तरी तिथून आत जाता यायचं. "हे आपलं मागलं दार," बाई सांगायच्या. "पुढलं दार पाहुण्यांसाठी असतं. घरातली माणसं मागल्या दारानेच येतात." हे वाक्य ऐकताना मला वाटायचं, बाई मला समजावं म्हणून सोपं करून सांगतायत. त्या आपल्या घराबद्दल सांगत होत्या हे मी त्यांच्या घरी गेले तेव्हा कळलं.

ठाण्याच्या खाडीकाठी कोळीवाड्यात त्यांचं घर. पुढचं दार कायम कडी लावलेलं आणि मागचं सताड उघडं. मागच्या दारात त्यांची आई बसलेली असायची. काचबिंदूने दोन्ही डोळे गेलेले, पण मांडीवर जाळं घेऊन त्याची भोकं बोटांनी चाचपून सांधत बसायची. घरात आता होडी नव्हती, जाळं लागत नव्हतं. शेजारपाजारचे लोक आपली फाटकी जाळी मुद्दाम तिच्याकडे आणून टाकायचे. दारात पाऊल वाजलं की ती मान न वळवता विचारायची, "कोन हाय गो?"

"मी," बाई म्हणायच्या.

"ये."

बाई अंगणात तुळशीला पाणी घालून परत आल्या की पुन्हा, "कोन हाय गो?" "मी." "ये." मी तासभर बसले होते, तेवढ्यात हे कितीदा तरी झालं. ऑफिसात शुद्ध, नेमकं बोलणाऱ्या बाई आईपाशी आपल्या बोलीत बोलत होत्या आणि मला त्या एकदम दुसऱ्याच कुणी वाटल्या.

मला हसू आवरेना. "मॅडम, ह्या तर..."

"गेटीबाई!" त्याच हसून म्हणाल्या. "मी हिच्याकडूनच शिकले. पुस्तकात वाचलं तेव्हा वाटलं, हे तर आमच्या मागल्या दारात रोज चालतं."

मशीनमध्ये प्रत्येकाला एक नाव असतं. माझं मेधा होतं, तांडेलांचं स्टोअर होतं. बाईंचं होतं नुसतं 'मी'. इंग्रजी दोन अक्षरं, एम आणि आय. एकदा मुख्य कचेरीतून तपासायला आलेल्या एका साहेबांनी त्यावर बोट ठेवलं.

"हा मी कोण आहे?"

"मी," बाई म्हणाल्या.

"हो, पण मी म्हणजे कोण?"

"मी म्हणजे मीच. घरी गेल्यावर दारातून कोण म्हणून विचारलं तर तुम्ही पूर्ण नाव सांगता का, साहेब? नाव कुणीही सांगेल. आवाज ओळखतात. पासवर्ड म्हणजे आवाज."

साहेबांनी मान डोलावली. त्यांच्या डोक्यावरून गेलं होतं हे स्पष्ट दिसत होतं, पण चहा आला आणि विषय तिथेच राहिला.

मग त्या वर्षीच्या दिवाळीआधी बाईंची आई मागच्या पायरीवरून घसरून पडली. हाड मोडलं नाही, पण तिला दिवसभर एकटं ठेवणं आता शक्य नव्हतं. वडील कधीच गेलेले, भाऊ नाही, धाकटी बहीण लग्न होऊन वसईला. आजवर शेजारची एक काकू लक्ष ठेवायची, ती मुलाकडे राहायला गेली. बहीण म्हणाली, आईला मी नेते. आई म्हणाली, "मना हितंच ऱ्हाऊ दे. तिकडं मना कोन हाय ते कलनार नाय." परक्या घरातल्या पावलांचे आवाज तिला ओळखू येणार नव्हते. डोळे गेलेल्या बाईचं सगळं घर त्या आवाजांचंच होतं.

कारखान्याचे मॅनेजर दामले साहेब वाईट माणूस नव्हते, पण नियमाचे पक्के. बाईंनी रोज दुपारी घरी जायची परवानगी मागितली तेव्हा ते म्हणाले, "नाखवाबाई, विभागप्रमुख रोज अर्धा दिवस गैरहजर राहून कसं चालेल? तुम्हीच सांगा. नाहीतर पद सोडा, हलकं काम बघू." ते पद बाईंनी कष्टाने मिळवलेलं होतं. त्यांच्या घरात शिकून ऑफिसात गेलेल्या त्या पहिल्याच. पद सोडायचं की आईला तिच्या दारातून उठवायचं, यातलं एक काहीतरी त्यांना करावं लागणार होतं. दोन दिवस बाई मान वर न करता काम करत राहिल्या. गजराही माळला नव्हता.

तिसऱ्या दिवशी त्या दामल्यांसमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "साहेब, मला घरी एक टर्मिनल द्या. तार फोनची वापरते."

आज घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकला कंटाळून लोक घरी बसून काम करतात आणि त्याचं कुणाला काही वाटत नाही. तेव्हा दामल्यांनी कपाळाला हात लावला. मोडेम नावाचा डबा फोनला जोडायचा, तो मशीनचं बोलणं फोनच्या तारेवरून नेतो, हे त्यांना समजावण्यातच एक सकाळ गेली. शेवटी त्यांनी एक अट घातली. बाहेरून कुणी सोम्यागोम्या फोन करून आत घुसता कामा नये. फोन कारखान्यातूनच जाईल आणि फक्त बाईंच्या घरी जाईल. आणि आधी हे सगळं त्यांच्यासमोर करून दाखवायचं.

चाचणीच्या दिवशी मी कारखान्यात, बाई घरी. दामले साहेब हाताची घडी घालून माझ्या पाठीशी उभे. घरच्या मोडेमने दोन घंट्या झाल्या की आपण होऊन फोन उचलायचा असं ठरलं होतं. मी नंबर लावला. पलीकडे पहिली घंटा वाजली आणि लगेच फोन उचलला गेला. आमच्या डब्याला लहानसा स्पीकर होता. त्यातून आवाज आला, "कोन हाय गो?"

मी गार पडले. फोन वाजला की उचलायचा नाही हे आईला बजावून सांगितलेलं होतं. पण दारात कुणी आलंय आणि आपण विचारायचं नाही, हे तिच्याने कसं व्हावं?

आमचा डबा आपल्या रीतीप्रमाणे थांबून थांबून बारीक आवाज काढत होता. टूं... टूं... दुसऱ्या डब्याला हाक मारायची त्याची ती पद्धत. स्पीकरमधून आईचा आवाज हळू झाला. "अगो, रडतंस कनाला? उगी, बाय, उगी. कोनाची तू?"

टूं, डबा म्हणाला.

"रडू नको. शशी हितंच हाय. बोलवतंय तिला."

मी दामल्यांकडे बघायचं धाडस केलं नाही. तेच पुढे झाले आणि डब्याकडे वाकून मोठ्याने म्हणाले, "आजी, मी दामले!"

"सर, त्यांना ऐकू जाणार नाही. ह्याला फक्त तोंड आहे, कान नाहीत."

"अहो, पण त्या विचारतायत ना! कुणीतरी उत्तर द्या त्यांना!" साहेब घायकुतीला आले होते. मी त्याच तारेवरचा शेजारचा फोन उचलून त्यांच्या हातात दिला. "आजी, मी दामले बोलतोय, शशिकलाच्या कंपनीतून. नाही नाही, इथे कुणी रडत नाहीये. हो, ती मुलगी बरी आहे आता. हो, जेवलीसुद्धा."

फोन ठेवून त्यांनी रुमालाने चष्मा पुसला. मला म्हणाले, "महिनाभर बघू." तो महिना पुढे काही संपला नाही.

आईला फोन उचलू नको म्हणायचं नाही, हे बाईंनी ठरवून टाकलं. त्यांनी तिला मोडेमवरचं बटणच दाखवून दिलं. रोज दुपारी बाई घरी पोचल्या की मी कारखान्यातून फोन लावायची. आई उचलायची. "कोन हाय गो?" मी म्हणायची, "मी, मेधा." "हलू बोल गो," ती म्हणायची. मग "मशीन लावू का, आजी?" "लाव." ती चाचपून बटण दाबायची, इकडे मी दाबायची, दोन्ही डबे किंचाळत एकमेकांना ओळखायचे आणि बाईंच्या घरच्या पडद्यावर अक्षरं उमटायची. अगदी बाराशेच्याच वेगाने. थोड्या दिवसांनी मी नुसतं "मी" म्हटलं तरी चालू लागलं. आई म्हणायची, "वलकलं." मला त्याचा केवढा अभिमान वाटायचा! दामले साहेब सगळ्यांना सांगत सुटले होते की आपल्या मशीनचा खरा पहारा कोळीवाड्यात बसतो.

एक दिवस मी कन्सोलसमोर बसले तर पडद्यावर नेहमीचं 'लॉगिन' नाही. त्या जागी इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं: KON HAY? बाईंनी गेटीबाईच्या ओळीतला प्रश्नच बदलला होता. बाकीच्या टर्मिनलांवर साधं लॉगिन, फक्त कन्सोलवर आणि घरच्या तारेवर हा प्रश्न. "मागल्या दाराने येणाऱ्याला लॉगिन काय विचारायचं?" त्या म्हणाल्या. त्या दिवसापासून गजरा परत आला.

तीन-चार वर्षं हे सुरळीत चाललं. मग एका दुपारी मी फोन लावला, आईने उचलला.

"कोन हाय गो?"

"मी."

मग आई म्हणाली, "मी कोन?"

मी नाव सांगितलं. तिने "बरा" म्हटलं आणि बटण न दाबताच फोन ठेवून दिला. मला वाटलं, आज तिचं लक्ष नसेल. पण हळूहळू ते वाढत गेलं आणि आधी माझा, मग शेजाऱ्यांचा, शेवटी बाईंचाही आवाज तिच्या ओळखीतून निसटला. बाई बाजारातून आल्या, "मी" म्हणाल्या, की आई विचारायची, "मी कोन?" बाई सांगायच्या, "शशी." "शशी कामाला गेलीय. सांजच्याला येल. तवर बस तू." आई त्यांना पाट द्यायची, पाणी विचारायची. अगदी परक्या बाईला विचारावं तसं.

हे सांगताना बाईंचा आवाज एकसारखा होता. मलाच ऐकवत नव्हतं.

"मग तुम्ही काय करता?"

"बाहेर जाते. थोडी थांबते. परत मागल्या दाराने येते. ती परत विचारते, मी परत सांगते. कधी ओळख लागते, कधी नाही लागत."

"राग नाही येत?"

"गेटीला येतो का? नाव चुकलं की ती तितक्याच शांतपणे पुन्हा विचारते. आई विचारतेय तोवर मला आत जायची आशा आहे, मेधा."

मी हात धुवायच्या निमित्ताने बाहेर गेले आणि पोटभर रडून घेतलं.

काही दिवसांनी बाई सकाळीच माझ्या टेबलाशी आल्या. चेहरा उजळलेला. "मेधा, चूक माझीच होती. आईची तार आता मंद झालीय आणि मी आपली शहाण्णवशेनेच बोलत होते. भाजी टाकायचीय, मशीन लावायचंय, त्या घाईत 'मी' म्हणायची. काल खाली बसले, तिचा हात धरला आणि सावकाश म्हटलं, मी... गो... आये." त्या थांबल्या. "म्हणाली, आलीस?"

त्यानंतर आई फार दिवस राहिली नाही. पण राहिली तोवर आपल्याच दारात राहिली, आणि लेक आली आहे हे बहुतेक दिवशी तिला कळत होतं. बाईंना हवं होतं ते एवढंच.

तेरावा झाल्यावर बाई कामावर रुजू झाल्या. कन्सोलसमोर बसल्या, KON HAY? ला उत्तर दिलं आणि काहीतरी टाइप करू लागल्या. मी मागून बघितलं. त्या स्वतःसाठी नवीन नाव तयार करत होत्या: नाखवा. मग त्यांनी 'मी' पुसून टाकलं.

"का, मॅडम?"

"मी म्हटलं की ओळखणारी होती, तोवर ठीक होतं."

"आणि हा प्रश्न? तोही काढायचा?"

"तो राहू दे. कुणीतरी विचारायला हवं ना."

पुढे कारखाना दुसरीकडे हलला. बाईंनी तिथे जायला नकार दिला आणि त्या निवृत्त झाल्या. नोकऱ्या बदलत बदलत मी घोडबंदर रोडच्या एका काचेच्या इमारतीत येऊन पडले. आता एका मशीनच्या पोटात नुसत्या प्रोग्रामने उभी केलेली दहा मशीनं राहतात. पोटातल्या मशीनला आमच्या धंद्यात पाहुणा म्हणतात. त्याला ना पडदा, ना कीबोर्ड. मध्यंतरी असाच एक पाहुणा नेटवर्कवरून दिसेनासा झाला. माझ्या हाताखालचा सोहम म्हणाला, "मॅडम, सोडून द्या ना. नेटवर्क गेलंय म्हणजे आत जाणारच कसं? नवीन उभं करतो, पटकन होईल."

मी त्याला थांबवलं. त्यातल्या प्रत्येक पाहुण्याला मी सुरुवातीलाच एक जास्तीची तार देऊन ठेवते. खरी तार नसतेच ती, तारेचं नुसतं सोंग. पण त्या सोंगाच्या टोकाशी गेटी बसवायची ओळ अजून लिहावी लागते: कुठली तार, कुठला वेग. मी त्या मागल्या दाराशी गेले आणि एंटर दाबलं. काळ्या पडद्यावर प्रश्न आला. सोहम म्हणाला, "अरे, हा तर जिवंत आहे!" त्याच शनिवारी मी कोळीवाड्यात गेले.

ती आमची शेवटची भेट ठरली. नाखवाबाई गेल्याचं त्यानंतर काही महिन्यांनी त्यांच्या वसईच्या बहिणीने कळवलं. पण त्या दिवशी त्या होत्या. मागचं दार सताड उघडं होतं आणि आईच्याच जागी बाई बसलेल्या. हातात जाळं नव्हतं, जपमाळही नव्हती, नुसत्याच उन्हात बसल्या होत्या. डोळ्यांवर जाड काळा चष्मा. बहिणीने फोनवर सांगितलं होतं, शशीचेही डोळे आईच्याच वाटेने चाललेत.

माझ्या पावलाचा आवाज ऐकून त्यांनी मान न वळवता विचारलं, "कोन हाय गो?"

इतक्या वर्षांत तो सूर मी विसरले नव्हते. आनंदाच्या भरात मी म्हटलं, "मी, मॅडम! किती दिवसांनी येतेय, सांगायचंच होतं तुम्हाला, परवा ऑफिसात काय झालं माहितेय..."

"मी कोन?"

मी तिथेच थांबले. मग त्यांच्या शेजारी पायरीवर बसले, त्यांचा हात हातात घेतला आणि जमेल तेवढं सावकाश म्हटलं, "मी."

मग त्यांचा अंगठा माझ्या हातावरून फिरला आणि त्या हसल्या.

"मेधा," त्या म्हणाल्या. "बाराशेने बोलायला कधी शिकलीस गो?"